गार की गरम? दुखण्यावर बर्फ कधी, कसा आणि किती वेळ

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतल्या आरोग्य सत्रात आमच्या एका आरोग्य सखीने केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. पेरणीच्या घाईमुळे ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



मघाशी तुम्ही सतरंजीवर बसत होतात तेव्हा मी नुसती बघत होते. "आई गं" न म्हणता, हात न टेकता खाली बसणाऱ्या किती निघाल्या? बोटावर मोजण्याइतक्या. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची टाच. भांगलण करून, मोळ्या उचलून, पाणी भरून, भाकऱ्या थापून शरीर झिजतं. आणि दुखायला लागलं की आपण काय करतो? दुकानातून गोळी आणतो. ती गोळी खाऊन पुन्हा कामाला जातो.

आज मी तुम्हाला एका साध्या गोष्टीबद्दल सांगणार आहे. बर्फ. गार पाणी. दुखण्यावर गार शेक. वस्तू साधी आहे, स्वस्त आहे, पण तिचेही नियम आहेत. ते नियम न पाळल्याने काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे. तेही आज सांगणार आहे, लपवणार नाही.

आधी माझा पाय

काही वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत बांधावरून उतरताना माझा पाय मुरगळला. घोटा लगेच सुजला. घरी आले. सासूबाईंनी मायेने वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि शेक दिला. वर गरम तेलाने चांगलं चोळून दिलं. त्यांच्या सासूने त्यांना तेच शिकवलेलं. रात्री पाय दुप्पट झाला. ठणका असा की भिंतीला पाठ लावून रात्र काढली.

सकाळी ग्रामीण रुग्णालयात गेले. हाड मोडलेलं नव्हतं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, "अहो, आत आधीच रक्त उतरतंय, सूज येतेय. त्यावर गरम शेक आणि मालीश केलं तर सूज आणखी वाढते. पहिले दोन दिवस गार, आणि चोळायचं अजिबात नाही." त्यांनी पिशवीत बर्फ घालून, ओल्या फडक्यातून घोट्यावर ठेवला. दहा मिनिटांत ठणका उतरला. मला तर जादूच वाटली.

जादू नाही ती. थंडीत पहाटे हौदावर धुणं धुताना काय होतं आठवा. आधी बोटं गार पडतात, मग झोंबतात, मग दुखतात, आणि शेवटी बधिर होतात. मग सुई टोचली तरी चटकन कळत नाही. गार शेकाने तेच होतं. दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा मंदावतात, म्हणून ठणका कमी जाणवतो. शिवाय त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आत रक्त आणि पाणी कमी उतरतं.

पण एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बर्फ दुखणं कमी करतो, दुखापत बरी करत नाही. बरं करण्याचं काम शरीरच करतं. १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुरगळण्यावर चार गोष्टी सांगितल्या होत्या: आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं. जगभर तेच शिकवलं गेलं. पुढे २०१४ साली त्यांनी स्वतःच सांगितलं की फार बर्फ आणि फार आराम यांनी बरं होणं उलट लांबू शकतं. सूज म्हणजे शरीराने दुरुस्तीला पाठवलेली माणसं. त्यांना पूर्ण अडवून चालत नाही. म्हणून आता सांगतात: पहिले एक-दोन दिवस दुखणं सोसवेना तर बर्फ लावा, आणि नंतर हळूहळू पाय हलवायला लागा. महिनाभर बर्फ लावत बसायचं नाही.

कसा लावायचा

फ्रीज असेल तर बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, त्यात पेलाभर पाणी घाला, पिशवीतली हवा काढून गाठ मारा. पाणी का? पाण्यामुळे पिशवी घोट्यावर, गुडघ्यावर नीट बसते, आणि वितळता बर्फ शून्य अंशाच्या खाली जात नाही. फ्रीजरमधून थेट काढलेली जेलची पिशवी मात्र शून्याच्याही बरीच खाली, उणे १८ अंशांपर्यंत गार असू शकते. तिने कातडी लवकर भाजते. हो, बर्फानेही कातडी भाजते, आगीसारखीच.

म्हणून बर्फ आणि कातडी यांच्यामध्ये नेहमी ओलं, पिळलेलं फडकं हवं. जुन्या सुती साडीची दुहेरी घडी उत्तम.

वेळ किती? १० ते १५ मिनिटं. २० च्या वर कधीच नाही. पाच मिनिटांनी फडकं उचलून कातडी बघायची. गोऱ्या अंगावर लाली दिसते, सावळ्या अंगावर ती दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून बघा. कातडी पांढुरकी, निळसर, कडक किंवा ठिपकेदार वाटली, फोड वाटला, तर लगेच काढा. बधिर झालं की काढा. "आणखी थोडं ठेवते, बरं वाटतंय" असं करू नका. पुन्हा लावायचा तर मध्ये दोन तास जाऊ द्या. दिवसातून तीन-चार वेळा पुष्कळ झालं. बर्फ बांधून झोपायचं तर मुळीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्याकडे फ्रीज नाही, आणि असला तरी लाइट कुठे असते? खरं आहे. मग माठातलं पाणी घ्या. टॉवेल त्यात बुडवून, अर्धवट पिळून दुखऱ्या जागी ठेवा आणि वरून वारा घाला. टॉवेल कोमट लागला की पुन्हा बुडवा, दर दोन-तीन मिनिटांनी. बर्फाइतकं गार होत नाही, पण ठणका नक्की उतरतो. पाऊल किंवा मनगट असेल तर बादलीत गार पाणी घेऊन त्यातच बुडवून बसा. मुलं दुकानातून बर्फाची कांडी आणतात ना, रंगीत पाण्याची, प्लास्टिकच्या पिशवीतली? शेतात पाय मुरगळला आणि जवळ काही नसलं तर तीही फडक्यात गुंडाळून चालते. मासेवाल्याकडचा बर्फ असेल तर तो बंद पिशवीतच ठेवा, जखमेला किंवा पोटात जाऊ देऊ नका.

माझ्या हातून झालेली चूक

पाय बरा झाल्यावर मला भारी उत्साह आला. जिला तिला सांगत सुटले, "बर्फ लावा, बर्फ लावा." आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. गटातल्याच. त्यांचं पाऊल दुखत होतं, आग होत होती. मी माझ्या घरून बर्फ नेऊन दिला आणि म्हटलं, "मावशी, लावून बसा, बघा कसं बरं वाटतं." आणि मी निघून आले. फडकं मध्ये ठेवा म्हणाले नाही. किती वेळ तेही सांगितलं नाही.

मावशींनी पिशवी तशीच पावलावर ठेवली आणि टीव्ही बघत बसल्या. पाऊण तास. दुसऱ्या दिवशी पावलावर मोठा फोड. चार दिवसांनी तिथे काळी जखम. मावशींना दहा वर्षांची साखर. पायाच्या नसा आधीच मेलेल्या, म्हणून तर आग होत होती. मी विचारलंच नव्हतं. "मावशी, एवढा वेळ कसा ठेवला हो?" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पोरी, मला गार लागलंच नाही."

ती जखम भरायला तीन महिने लागले. रोज मलमपट्टी, मजुरी बुडाली, गटातून कर्ज काढावं लागलं. पाय वाचला हे नशीब. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आजही बोलत नाहीत. पण बैठकीत त्यांच्या कर्जाचा हप्ता आला की माझी मान खाली जायची.

तेव्हापासून मी बर्फ सांगण्याआधी तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

पहिला: साखर आहे का? पायाला मुंग्या, आग, बधिरपणा आहे का? असेल तर त्या पायाला बर्फ नाही, आणि गरम शेकही नाही. ज्याला गार कळत नाही त्याला चटकाही कळत नाही.

दुसरा: जागेवर स्पर्श कळतो का? डोळे मिटायला सांगा. कापसाची वात किंवा गवताची काडी अंगठ्याला, बोटांना हळूच लावा. "आता लावलं" हे त्यांना सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर थांबा आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवा. कुष्ठरोगामुळे बधिर झालेला चट्टा असेल तरी हाच नियम.

तिसरा: गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडतात का? पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे का? चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, असं होतं का? असेल तर बर्फ नको.

आणि उघड्या जखमेवर, इन्फेक्शन झालेल्या कातडीवर बर्फ ठेवायचा नाही. लहान लेकरांना, फार म्हाताऱ्या माणसांना लावायचा तर वेळ निम्मा, आणि कुणीतरी जवळ बसून.

जुनं दुखणं: गार की गरम?

ताजी दुखापत सोडली तर आपल्यातल्या बहुतेकींचं दुखणं जुनं. त्यात गार लावायचं की गरम, हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. सोपं करून सांगते.

सुजलेलं, हाताला गरम लागणारं, ठणकणारं असेल तर गार. आखडलेलं, ताठरलेलं असेल तर गरम.

गुडघ्याचंच घ्या. सकाळी उठल्यावर गुडघा ताठ असतो, वाकत नाही. तेव्हा कोमट शेक. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तोच गुडघा फुगतो, ऊन लागतो. तेव्हा १५ मिनिटं गार. एकाच गुडघ्याला दोन वेळा दोन वेगळे शेक, यात चूक काही नाही. कुणाला गारानेच बरं वाटतं, कुणाला गरमानेच. आपल्या अंगाला जे मानवेल ते करा.

कंबरेत उसण भरली तर पहिले एक-दोन दिवस गार लावून बघायला हरकत नाही. पण कंबरेच्या जुन्या, आखडलेल्या दुखण्याला बहुतेकींना गरमच मानवतं. आणि अंथरुणाला खिळून राहू नका. जमेल तेवढं चालत राहा.

टाचेचं दुखणं: सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं, चार पावलं चाललं की कमी होतं. त्याला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा. संध्याकाळी खुर्चीवर बसून, पायात मोजा घालून किंवा बाटलीला फडकं गुंडाळून, ती पावलाखाली मागे-पुढे फिरवा. पाच ते दहा मिनिटं. अनवाणी चालणं कमी करा, मऊ तळव्याची चप्पल घाला.

भाकरी थापून, शिवणकाम करून मनगट किंवा अंगठ्याची मुळी दुखते. तिथे बर्फ फिरवायचा. कागदी कपात पाणी गोठवा, वरची कड फाडा आणि गोल गोल फिरवत राहा. असा उघडा बर्फ चालतो, पण एकाच जागी क्षणभरही ठेवायचा नाही, आणि पाच मिनिटांच्या वर नाही. बधिर झालं की बंद.

चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. सुजलेल्या सांध्यांना गार शेकाने आराम पडतो. मात्र ताप अजून अंगात असेल तर दुकानातून कसलीही दुखण्याची गोळी आणू नका. तो डेंग्यू असू शकतो, आणि त्यात काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आधी तपासणी.

आता गोळ्यांबद्दल दोन शब्द. दुखण्याची गोळी रोज, महिनोन्‌महिने खाल्ली तर पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. आणि कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्या तर घेऊच नका. त्यात स्टिरॉइड असलं तर कळणार कसं? डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. पण जिथे १५ मिनिटांच्या गार शेकाने काम भागतं तिथे गोळी कशाला?

गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उकिडवं बसणं कमी करा. शेक आज आराम देईल, व्यायाम पुढची वर्षं देईल.

बाळंतीण आणि गार

इथे घरोघरी भांडण होतं ते मला माहीत आहे. "बाळंतिणीला गार? वेडी झालीस का!" मी सासूबाईंशी हा वाद घातलेला आहे. पण ऐका. टाके पडलेले असतील, तिथे सूज आणि ठणका असेल, तर पहिले एक-दोन दिवस स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली गार घडी १० मिनिटं ठेवल्याने आराम पडतो. सिस्टरला विचारून करा. दूध साठून छाती दगडासारखी झाली तर बाळाला पाजा, आणि पाजून झाल्यावर गार ओलं फडकं छातीवर ठेवा. दूध गार होत नाही. बाळाला त्याने सर्दी होत नाही. मात्र ताप आला आणि छाती एका बाजूला लाल, कडक झाली तर दवाखाना.

ज्या सासवा इथे बसल्या आहेत त्यांना माझी विनंती. तुम्ही जे शिकलात ते मायेनेच शिकलात. पण सून "दुखतंय" म्हणते तेव्हा तिला गप्प बसवू नका. आपण गप्प बसून सोसलं म्हणून तिनेही सोसावं असं काही नाही.

इथे बर्फ नको, थेट दवाखाना

भाजलं तर बर्फ नाही. नळाचं किंवा माठाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं घाला. टूथपेस्ट, तेल, शाई काही नको.

साप चावला तर बर्फ नाही, आवळून बांधणं नाही, चिरा देणं नाही. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, लगेच रुग्णालय.

विंचू चावला तर गार घडीने वेदना थोडी कमी होते, पण ती गाडी येईपर्यंतच. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर एक मिनिट घालवू नका. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. त्यावर प्राझोसिन नावाच्या गोळीने उपचार होतो हे आपल्या महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं. मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवला तर औषध असूनही माणूस जातो.

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, हाडावर दाबलं की जीव जात असेल, पाय वाकडा दिसत असेल, बोटं बधिर किंवा पांढरी पडली असतील, तर एक्स-रे काढा. हाड बसवणाऱ्याकडून चोळून घेऊ नका. सांधा सुजून वर ताप असेल, एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि छातीत दुखून डावा हात, जबडा, पाठ दुखायला लागली तर ना गार, ना गरम. सरळ १०८ ला फोन.

आता गटाने काय करायचं

आपल्या पेटीत शिक्के, वह्या, पासबुकं असतात. त्यातच एक बर्फाची रबरी पिशवी, एक क्रेप बँडेज आणि दोन धुतलेली सुती फडकी ठेवा. फार खर्च नाही, सगळ्यांच्या कामाला येईल. ज्या ताईच्या घरी फ्रीज आहे तिने पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवाव्यात, आणि शेजारणीने रात्री दार वाजवलं तरी द्याव्यात. देताना मात्र माझ्यासारखं करू नका. तीन प्रश्न विचारा, फडकं द्या, घड्याळ दाखवा, आणि पाच मिनिटं तिथे बसा.

त्या मावशी आज इथेच बसल्या आहेत, मागच्या रांगेत. त्यांना विचारूनच मी ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "सांग गं. माझ्या पायाचं झालं ते झालं, दुसरीच्या पायाचं नको." त्यांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला.

मावशींचं हे एवढं वाक्य घरी घेऊन जा. बाकीचं विसरलात तरी मला फोन करून विचारता येईल.